तीन सूर्यांचा डोंगर: लाव्होच्या द्राक्षमळ्यांचं भौतिकशास्त्र

युरोपची सहल करून आलेल्या मंडळींकडून एक वाक्य नेहमी ऐकायला मिळतं: "लाव्होच्या द्राक्षांना तीन सूर्य असतात." पहिला आकाशातला, दुसरा खालच्या सरोवरातून परावर्तित होणारा आणि तिसरा दगडी भिंतींत दिवसभर मुरून रात्री बाहेर पडणारा. लाव्होचे द्राक्ष बागायतदार हे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत आणि पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांतही ते लिहिलेलं असतं. ऐकायला इतकं छान आहे की तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. मात्र तोंडोतोंडी जाता जाता त्याचं "सरोवरामुळे तिथे दुप्पट ऊन पडतं" असं होऊन बसतं, आणि तिथे मला कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटली. तिन्ही सूर्य खरे आहेत. पण त्यांची ताकद आणि त्यांच्या कामाच्या वेळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याचं सर्वांत जास्त कौतुक होतं तो सरोवरातला सूर्य उन्हाळ्यात दिवसाचा बहुतेक वेळ मळ्यांपर्यंत पोचतच नाही. सरोवराचं खरं काम वेगळंच आहे, आणि ते या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

आधी जागा पाहू. लाव्हो म्हणजे स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतातला, जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठावरचा डोंगरउतार. तिथले लोक सरोवराला लेमाँ म्हणतात. लोझान शहराच्या पूर्वेला सुरू होऊन शियों किल्ल्याच्या दिशेने हा उतार सुमारे ३० किलोमीटर पसरला आहे. लोझानहून मॉन्त्रोला जाणाऱ्या गाडीत बसलं की उजवीकडे पाणी आणि डावीकडे भिंतींमागे भिंती, त्यांच्या आधाराने द्राक्षवेली, आणि अधूनमधून उताराला बिलगलेलं एखादं छोटं गाव दिसतं. सँ-साफोराँ हे त्यांपैकीच एक. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकलेली दगडी घरं, मधोमध चर्चचा मनोरा आणि गावाच्या कुशीपर्यंत आलेले मळे. त्या चर्चमध्ये रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातला मैलाचा दगड जपून ठेवला आहे, म्हणजे या काठाने वाहतूक चालू होऊन दोन हजार वर्षं होत आली. आज दिसणाऱ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीचा पाया मात्र मठांनी घातला. बाराव्या शतकात सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी जवळच्या देझालेच्या कड्यावर झाडोरा साफ करून भिंती बांधायला सुरुवात केली. या सगळ्या भिंती एकापुढे एक ठेवल्या तर लांबी सुमारे ४०० किलोमीटर भरते. २००७ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला. इथलं मुख्य द्राक्ष शासला. पांढरं, नाजूक चवीचं, लवकर पिकणारं.

आता पहिला सूर्य. किरण जमिनीवर तिरपे पडले की तेवढीच ऊर्जा जास्त जागेवर पसरते, हे आपण शाळेत शिकलो. सँ-साफोराँचं अक्षांश ४६.५ अंश उत्तर. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४३.५ अंशच वर येतो. सपाट जमिनीला अशा वेळी लंब किरणांच्या तुलनेत ६९ टक्के ऊर्जा मिळते. पण जमीन दक्षिणेकडे ३० अंश कललेली असेल तर तेच प्रमाण ९६ टक्के होतं. म्हणजे काहीही न करता, निव्वळ उतार असल्यामुळे, जवळजवळ ४० टक्के जास्त ऊन.

यामागची भूमिती मला फार आवडते. पृथ्वी गोल असल्यामुळे दक्षिणेकडे ३० अंश कललेली जमीन ही त्याच रेखांशावर ३० अंश दक्षिणेला असलेल्या सपाट जमिनीला समांतर असते. ४६.५ मधून ३० वजा केले की उरतात १६.५. हे आपल्या सांगलीच्या जवळपासचं अक्षांश! दुपारच्या किरणांच्या कोनापुरतं बोलायचं तर लाव्होचा खडा उतार सांगली-तासगावच्या सपाट रानासारखा वागतो. प्रत्यक्षात लाव्होचा काठ वायव्येकडून आग्नेयेकडे धावतो आणि बरेच मळे नैर्ऋत्येकडे तोंड करून आहेत. नेमका नैर्ऋत्येला ३० अंश उतार धरला तर गणिताने अक्षांश येतं सुमारे २२.६, म्हणजे इंदूरचं, आणि त्या जमिनीची "दुपार" दीड तास उशिरा होते. हवा तापलेली असते नेमकी त्या वेळी ऊन सर्वांत सरळ पडतं. सांगली आणि इंदूर या दोन टोकांच्या मध्ये नाशिक बसतं, २० अंशांवर. द्राक्षाच्या दृष्टीने हा योगायोगच म्हणायचा, पण कोनाचा हिशोब खरा आहे.

अर्थात उतार फक्त कोन उसना देतो. किरणांना वातावरण मात्र ४६ अंशांवरचंच ओलांडावं लागतं, दिवसाची लांबी तिथलीच राहते, आणि हिवाळाही तिथलाच. म्हणून लाव्होची वेल नोव्हेंबर ते मार्च पानं टाकून झोपते. आपल्या वेलीला तशी झोप मिळत नाही, म्हणून आपल्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून तिचं वर्ष हाताने आखून द्यावं लागतं.

उताराचा फायदा सगळ्या ऋतूंत सारखा नसतो. जूनच्या दुपारी सपाट जमिनीपेक्षा उतारावर जेमतेम ८ टक्के जास्त ऊन पडतं, कारण सूर्य तसाही ६७ अंश वर असतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो फायदा ५० टक्क्यांच्या वर जातो आणि डिसेंबरमध्ये दुपटीच्या पुढे. द्राक्षाला हीच वाटणी हवी असते. वेल साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली वाढतच नाही. दिवसाच्या सरासरी तापमानातून हे १० वजा करून हंगामभर बेरीज करायची, यावरून कुठलं वाण कुठे पिकेल याचा अंदाज बांधता येतो. मेमध्ये जमीन लवकर तापणं आणि सप्टेंबरअखेर मण्यांत साखर भरत असताना ऊन टिकून राहणं या दोन गोष्टींवर थंड प्रदेशातल्या द्राक्षाचा सगळा खेळ. उतार नेमका तिथे मदत करतो.

आता दुसरा सूर्य. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

पाण्यावर पडलेल्या उजेडाचा किती भाग परत उडतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात गणिताने सांगितलं. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना त्याचा वेग बदलतो. हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे १.३३ पटीने कमी होतो. सीमेवर प्रकाशाची विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं दोन्ही बाजूंनी जुळली पाहिजेत, ही एकच अट घातली की परावर्तनाचं प्रमाण आपोआप निघतं. उत्तर कोनावर अवलंबून असतं. सूर्य डोक्यावर असेल तर पाणी फक्त २ टक्के प्रकाश परत फेकतं. सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर असेल तर ६ टक्के. २० अंशांवर १३ टक्के, १० अंशांवर ३५ टक्के आणि ५ अंशांवर जवळपास ५८ टक्के. आकडे कसे चढतात पाहा. सूर्य ९० वरून ३० अंशांवर उतरेपर्यंत फारसं काही घडत नाही, आणि शेवटच्या १५-२० अंशांत पाण्याचा एकदम आरसा होतो.

असं का होतं? प्रकाश ही आपल्या वाटेला काटकोनात कंप पावणारी लाट आहे. तिचं कंपन पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर असू शकतं किंवा त्याला छेद देणाऱ्या उभ्या प्रतलात असू शकतं. सूर्यप्रकाशात दोन्ही निम्मी-निम्मी असतात आणि दोघांचं परावर्तन वेगळं होतं. समांतर कंपनाचं परावर्तन कोन तिरपा होईल तसं वाढतच जातं. उभ्या प्रतलातल्या कंपनाचं मात्र आधी कमी कमी होत जातं आणि सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांवर असताना थेट शून्य होतं. त्या क्षणी परावर्तित किरण आणि पाण्यात शिरलेला किरण एकमेकांशी काटकोनात असतात. पाण्यातल्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन ज्या दिशेने हलत असतात त्या दिशेने ते स्वतः प्रकाश बाहेर टाकू शकत नाहीत, आणि परावर्तित किरणाला जायचं असतं नेमकं त्याच दिशेने. म्हणून तो भाग नाहीसा होतो. या कोनाला ब्रूस्टर कोन म्हणतात. पोलराइज्ड गॉगल घालून सरोवराकडे पाहिलं की झळाळी विझते आणि पाण्याखालचे दगड दिसू लागतात, ते याचमुळे. उरलेली सगळी चमक एकाच दिशेत कंप पावणारी असते आणि गॉगल तीच अडवतो. ३७ अंशांच्या खाली सूर्य उतरला की दोन्ही भाग वाढू लागतात आणि क्षितिजाशी दोघेही शंभर टक्क्यांकडे धावतात. थोडक्यात, माध्यान्हीचं पाणी प्रकाश गिळतं आणि संध्याकाळचं पाणी तो परत करतं.

इतक्यावर थांबलो तरी "दुप्पट ऊन" निकालात निघतं. पण खरी मेख पुढे आहे. परत उडालेले किरण मळ्यापर्यंत पोचतात का?

मळ्यात उभं राहून खाली पाहा. शांत पाण्यात सूर्याचं प्रतिबिंब कुठे दिसेल? सूर्य क्षितिजाच्या जितका वर, प्रतिबिंब क्षितिजाच्या तितकंच खाली. सूर्य ६० अंश वर असेल तर प्रतिबिंब पाहायला ६० अंश खाली बघावं लागेल. पण ३० अंशांच्या उतारावर उभं असताना ६० अंश खाली सरोवर नसतंच, तिथे आपल्याच पायाखालचा डोंगर असतो! म्हणजे सरोवरातून उडालेला तो किरण काठावरून निघून डोंगरापेक्षा जास्त खड्या वाटेने आकाशात निघून जातो. मळ्याला तो शिवतही नाही. ज्या दिशेला सूर्य आहे त्या दिशेला डोंगराचा उतार सूर्याच्या उंचीपेक्षा जास्त असेल, तरच दुसरा सूर्य दिसतो.

नेमका दक्षिणेकडे तोंड केलेला ३० अंशांचा उतार घेतला आणि वर्षभराचा हिशोब केला. निकाल पाहून मी गणित दुसऱ्यांदा तपासलं. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या अख्ख्या काळात अशा उतारावर शांत सरोवराचं थेट प्रतिबिंब एक क्षणही पोचत नाही. दुपारी सूर्य फार वर असतो. सकाळ-संध्याकाळी तो खाली येतो खरा, पण तेव्हा तो पूर्व-पश्चिमेला किंवा त्याच्याही उत्तरेला सरकलेला असतो, आणि त्या दिशांना दक्षिणमुखी डोंगराचा उतार जवळजवळ नसतोच. ऐन वाढीच्या सहा महिन्यांत दुसऱ्या सूर्याचा हिशोब शून्य!

लाव्होला वाचवतो तो त्याचा नैर्ऋत्येकडचा कल. अशा उताराला पश्चिमेकडचं पाणी दिसतं, आणि त्या बाजूला सरोवर लांबवर पसरलेलं आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सौर वेळेनुसार (सूर्य सर्वांत वर असताना बारा धरून) साडेपाचनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या आधीचे जेमतेम दोन तास, प्रतिबिंब मळ्यावर येतं. (तिथलं घड्याळ उन्हाळ्यात सौर वेळेच्या दीड तास पुढे असतं, म्हणून पर्यटकाला हे सातनंतर दिसतं.) २३ सप्टेंबरला तीच वेळ दुपारी तीनची होते. त्या क्षणी सूर्य ३० अंशांवर असतो, म्हणजे परावर्तन ६ टक्के, आणि पुढे ते वाढत जातं. पण जसजसं परावर्तन वाढतं तसतसा मूळ सूर्य वातावरणातून तिरपा येऊन फिका पडत जातो. शिवाय खालून येणारे हे किरण जमिनीला चाटून जातात. त्यांचा उपयोग होतो तो उभ्या भिंतींना आणि वेलीच्या पानांच्या उभ्या पडद्याला, घडांच्या खालच्या बाजूला. दिवसभराच्या एकूण ऊर्जेत दुसऱ्या सूर्याचा वाटा लहानच राहतो.

हा हिशोब आरशासारख्या शांत पाण्याचा आहे. वारा असला की लाटांच्या उतारांवरून किरण इकडे-तिकडे विखुरतात आणि शांत पाण्यात जिथे प्रतिबिंब दिसलं नसतं तिथेही थोडी चमक पोचते. त्याने वेळेची मर्यादा सैल होते, पण माध्यान्हीचे २-३ टक्के काही वाढत नाहीत. मग लोकांना तो इतका प्रखर का वाटतो? कारण सूर्याच्या तेजाचे २ टक्केदेखील डोळे दिपवायला पुरेसे असतात. डोळा हे वॉट मोजण्याचं साधन नाही.

आणि आता ते सुंदर काम. सूर्य वर असताना पाणी २ ते ६ टक्के प्रकाश परत करतं, याचा दुसरा अर्थ असा की ९४ ते ९८ टक्के ते आत घेतं. ५८० चौरस किलोमीटर पसरलेलं, ३०० मीटरहून खोल असं हे सरोवर सगळा उन्हाळा ऊन गिळत बसतं. एक चौरस मीटर पृष्ठभागाखालचा फक्त १० मीटरचा थर घ्या. ते १० टन पाणी झालं. ते एका अंशाने थंड झालं तर जवळपास ४२ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. विजेच्या भाषेत साडेअकरा युनिट, एका चौरस मीटरमागे, एका अंशासाठी! ऑक्टोबरमध्ये भोवतालची हवा वेगाने थंड होत असते तेव्हा हे पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं आणि ती हळूहळू काठावरच्या हवेला देत राहतं. याच्या खोलीमुळे मुख्य सरोवर हिवाळ्यातही गोठत नाही. लाव्होचा दुसरा सूर्य म्हणून कुणाला मान द्यायचाच असेल तर तो या साठ्याला द्यायला हवा. जे ऊन सरोवराने परावर्तित केलं नाही, तेच शेवटी द्राक्षाला मिळतं, दोन-तीन महिने उशिरा.

तिसरा सूर्य म्हणजे भिंती. इथे लोकांचं म्हणणं भौतिकशास्त्राशी बरंच जुळतं. दिवसाच्या तापण्या-निवण्याच्या चक्रात उष्णता दगडात साधारण १५ सेंटिमीटरपर्यंतच मुरते. त्यापेक्षा खोल तिचा प्रभाव झपाट्याने कमी होतो. आणि आत जाताना तिला उशीर होतो. १५ सेंटिमीटर खोलीवर दुपारचं कमाल तापमान तीन-चार तास मागे पडतं. भिंतीचा पृष्ठभाग दिवसरात्रीत २० अंशांनी खाली-वर होत असेल तर एक चौरस मीटर भिंत दिवसा सुमारे ५ मेगाज्यूल साठवते आणि रात्री सोडते. सरोवराच्या तुलनेत हे किरकोळ, पण भिंत वेलीच्या अगदी जवळ असते. संध्याकाळी ती पानांपेक्षा ८ अंशांनी गरम असेल तर प्रत्येक चौरस मीटरमधून जवळपास ५० वॉट जास्तीची अवरक्त उष्णता समोरच्या वेलीकडे येत राहते. दोन-तीन मीटर दूर गेलं की हा फायदा विरून जातो. म्हणूनच उतार खडा, भिंती उंच आणि पायऱ्या अरुंद असतील तिथे तिसरा सूर्य खरा काम करतो. देझालेचा आणि सँ-साफोराँच्या वरचा भाग असाच आहे.

आणि ज्याची मोजदाद म्हणीत नाही असा एक चौथा घटक आहे, तो म्हणजे थंड हवेचा निचरा. निरभ्र रात्री जमीन आकाशाकडे उष्णता फेकते, तिला लागून असलेली हवा थंड होते, जड होते आणि उतारावरून खाली ओघळते. सपाट किंवा खोलगट जागी ती साचून राहते. लाव्होत ती साचायला जागाच नाही. ती थेट सरोवरावर जाते आणि तिथल्या उबदार हवेत मिसळते. वसंतात कोवळे फुटवे हिमकणांनी जळण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. याच्या उलट आपलं निफाड. गोदावरी-कादवाच्या खोऱ्यातला सखल भाग, डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या तिथून येतात आणि बागायतदार रात्री-अपरात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. मणी तडकतात, पिंक बेरीचा (हिरवे मणी गुलाबी पडण्याचा) त्रास होतो. शेजारच्या थोड्या उंच टेकाडावरची बाग त्याच रात्री दोन अंशांनी उबदार असू शकते. तिथे जमीन वेगळी नाही, खतं वेगळी नाहीत, हवेला खाली जायला वाट आहे एवढाच फरक.

हे सगळं टिकून राहतं ते माणसांमुळे, आणि इथे लाव्होच्या परंपरा येतात. पावसाने माती खाली वाहते. ती पाठीवरच्या टोपलीत भरून पुन्हा वरच्या ओळींत नेऊन टाकणं हे इथल्या मळेकऱ्यांचं शतकानुशतकांचं हिवाळी काम होतं. भिंतीमागे पाणी साचलं तर भिंत फुगते आणि कोसळते, म्हणून पाण्याला वाट ठेवावी लागते आणि दगड पुन्हा पुन्हा बसवावे लागतात. शेजारच्या व्हेव्हे गावातला मळेकऱ्यांचा संघ सतराव्या शतकापासून मळ्यांची पाहणी करतो. मालकासाठी मळा सांभाळणाऱ्यांच्या कामाला गुण देतो आणि उत्तम काम करणाऱ्यांचा गौरव करतो. या गौरवातूनच तिथला प्रसिद्ध उत्सव उभा राहिला. पहिला १७९७ मध्ये झाला, शेवटचा २०१९ मध्ये, आणि एवढ्या काळात मिळून फक्त १२ वेळा. एका पिढीत एकदा, असा त्याचा शिरस्ता. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याचीही अमूर्त वारसा म्हणून नोंद घेतली. राजे-सरदारांऐवजी छाटणी करणाऱ्या, भिंत रचणाऱ्या हातांच्या डोक्यावर मुकुट ठेवणारी ही परंपरा मला मनापासून थोर वाटते. १९७७ मध्ये व्हो प्रांताच्या मतदारांनी कौल देऊन लाव्होला बांधकामांपासून संरक्षण दिलं, त्यामागेही हीच आपुलकी असणार.

पण परंपरेच्या नावाखाली येणारं सगळंच तसं नसतं. युरोपच्या द्राक्षमळ्यांत "बायोडायनॅमिक" शेतीचं मोठं प्रस्थ आहे. तिचा उगम रुडॉल्फ श्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांत. गायीच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग त्यातलं चिमूटभर घेऊन पाण्यात घोटून फवारायचं, आणि चंद्र कुठल्या राशीसमोर आहे ते पाहून छाटणी करायची. आपल्याकडेही शिंगखताची पाकिटं विकली जातात, आणि वर "परदेशातल्या महागड्या वाइनचं रहस्य" असं सांगितलं जातं. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्याच्या सुमारे चार लाखांव्या भागाइतका असतो. चंद्र राशीत कुठे आहे याने वेलीच्या रसाला काही फरक पडतो, असं कुठल्याही नीट केलेल्या प्रयोगात दिसलेलं नाही. अशा मळ्यांची द्राक्षं चांगली असतात ती त्या बागायतदारांच्या रोजच्या बारकाईच्या निगराणीमुळे, कमी फवारण्यांमुळे, जिवंत ठेवलेल्या मातीमुळे. ते श्रेय शिंगाला देणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

तीन सूर्यांचा हिशोब आज मांडावा लागतो त्याला आणखी एक कारण आहे. या उताराची सगळी रचना उष्णता गोळा करण्यासाठी झाली, कारण आठशे वर्षं इथे उष्णतेची टंचाई होती. लोझानजवळच्या पुई इथल्या संशोधन केंद्रात १९२५ पासून शासलाच्या वेलीवर कोंब फुटणं, फुलोरा आणि मण्यांत पाणी उतरणं (म्हणजे मणी पिकायला लागणं) यांच्या तारखा टिपल्या जात आहेत. गेल्या काही दशकांत या तारखा स्पष्टपणे अलीकडे सरकल्या आहेत. शासलात मुळातच आम्ल कमी. मण्यातलं मॅलिक आम्ल वेलीच्या श्वसनात जळतं आणि हा वेग तापमानाबरोबर वाढतो, विशेषतः रात्री, जेव्हा साखर नव्याने तयार होत नसते. म्हणजे थंड वर्षांत ज्या गरम भिंतींनी पीक वाचवलं, त्याच भिंती उष्ण वर्षात रात्रभर आम्ल जाळत राहतात आणि चव सपक होते. तिसरा सूर्य बंद करायचं बटण नाही. भिंतीवर सावली येईल अशी पानं राखणं, ओळींमध्ये गवत वाढू देणं, तोडणी लवकर करणं आणि मळे वर सरकवणं, एवढेच उपाय हातात आहेत.

वर सरकण्याचा हिशोबही करून पाहिला. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ३७२ मीटर, मळे साधारण ६०० मीटरपर्यंत. हवेचं तापमान दर १०० मीटरला सरासरी ०.६५ अंशाने उतरतं, म्हणजे सर्वांत खालच्या ओळीपासून सर्वांत वरच्या ओळीपर्यंत फरक दीड अंशाचा. स्वित्झर्लंडमध्ये १८६४ पासून पद्धतशीर हवामान नोंदी आहेत आणि त्या नोंदींनुसार देशाचं सरासरी तापमान तेव्हापासून दोन अंशांहून जास्त वाढलं आहे. सर्वांत वरच्या भिंतीमागे वेल नेऊन लावली तरी ही वाढ भरून निघत नाही.